बाइंडरकाकांचा पास

मित्रांनो, मी मुदत संपलेला एक रेल्वे पास आहे. तळहाताएवढा जाड कागद, त्यावर फिकट हिरव्या लाटा, मधोमध एका माणसाचे नाव, खाली गोल शिक्का आणि पाठीवर रेल्वेच्या एका विभागाचा नकाशा, एवढेच माझे शरीर. या नकाशातल्या कोणत्याही स्टेशनावर चढा, कोणत्याही स्टेशनावर उतरा, दिवसातून कितीही वेळा जा आणि या. 'अमर्याद प्रवास' असे माझ्या कपाळावर ठळक छापले आहे. माझ्या अटी मात्र बारीक अक्षरांत वेगळ्या कागदावर छापून, घडी घालून देतात. मोठी अक्षरे कपाळावर आणि बारीक अक्षरे घडीत, हे ज्याने ठरवले त्याला माझा नमस्कार सांगा.

छापखान्यातून आम्ही गठ्ठ्याने आलो आणि स्टेशनातल्या एका खिडकीमागच्या खणात पडून राहिलो. तिथे एक कारकून बाई बसत. त्यांना कायम सर्दी असे. एके दिवशी खिडकीशी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे लहान नव्हे, चांगली मोठी, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेली. पण ती आली ती कुणाची तरी मुलगी म्हणूनच. "आमच्या बाबांसाठी तीन महिन्यांचा पास हवाय," ती म्हणाली.

बाईंनी मला बाहेर काढले, ओळखपत्रावरचे नाव माझ्यावर लिहिले आणि नाक पुसत एका दमात म्हटले, "एक्सप्रेसला चालत नाही. सकाळच्या गर्दीत चालत नाही. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. हरवला तर दुसरा मिळत नाही. एकदा दिला की परत घेत नाही. पुढचे!"

रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "एवढे नखरे? पास आहे की जावई?"

रांग हसली. मुलगीही थोडी हसली. बऱ्याच दिवसांनी हसत असावी, कारण हसू लगेच आवरले गेले. तिची आई आजारी होती आणि त्या आजारावर उपचार करणारे रुग्णालय विभागाच्या अगदी टोकाच्या स्टेशनाजवळ होते. बायकांच्या वॉर्डात सोबतीला एकच बाईमाणूस राहू शकत असे. म्हणून मुलगी तिथे राहणार होती आणि वडील घरून रोज जाऊन येणार होते. तेवढ्यासाठी माझा जन्म झाला.

त्या वडिलांना सगळी गल्ली बाइंडरकाका म्हणत असे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. पाने निखळलेली, पाठ मोडलेली पुस्तके लोक त्यांच्याकडे आणून टाकत. काकू ती पाने दोऱ्याने शिवायच्या आणि काका त्यांवर पुठ्ठा, कापड किंवा प्लास्टिक चढवायचे. त्या घरात उघडे असे काही राहतच नसे. टीव्हीच्या रिमोटला आवरण, औषधांच्या चिठ्ठ्यांना आवरण, मुलीच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकालाही आवरण. रोज हाताळायची वस्तू उघडी ठेवणे काकांना उघड्यावर झोपल्यासारखे वाटे.

मी घरी आलो त्या संध्याकाळी मुलगी आईचे कपडे न्यायला आली होती. मावशी एका दिवसापुरती आईजवळ बसली होती. काकांनी चष्मा लावून माझ्या अटींचा कागद दिव्याखाली धरला आणि मुलीला वाचायला दिला.

"बाबा, इथे स्पष्ट लिहिलंय. पासावर कसलंही आवरण चिकटवायचं नाही. चिकटवलं तर पास रद्द."

"त्याच्या वर काय लिहिलंय तेही वाच."

"मळलेला, फाटलेला किंवा अक्षरं पुसट झालेला पास रद्द."

"मग? रोज खिशातून काढायचा, घामट हातात धरायचा, टीसीला द्यायचा, परत घ्यायचा. महिनाअखेर लगदा होईल ह्याचा. दोन्हींतला कोणता नियम मोडू, तूच सांग."

"सुट्या पाकिटात ठेवा की."

"पाकिटात कागद हलतो. हलला की कडा झिजतात. आणि पारदर्शकच लावणार आहे गं. ह्यात लपणार काय?"

मुलगी दमली होती. कपाटापुढे बसून ती आईचे पातळ, अंगावरून सहज निघतील असे कपडे वेगळे काढत होती. "करा तुम्हाला हवं ते," ती म्हणाली. मित्रांनो, हे वाक्य घराघरांत इतक्या वेळा बोलले जाते की त्याचे कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटले नाही.

काकांनी मला टेबलावर ठेवले. मऊ फडक्याने पुसले. चिकट प्लास्टिकचा तुकडा कापून तो एका कडेपासून हाडाच्या पट्टीने दाबत दाबत माझ्यावर आणला. ते काम करताना त्यांचा श्वास अगदी सावकाश चालला होता. आत हवेचा एक बुडबुडा राहिला नाही. कोपरे गोल कापले. मग त्यांनी मला उजेडात तिरपे धरले आणि स्वतःशीच मान हलवली. मी दिमाखात चमकत होतो. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडले.

दुसऱ्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. एका हातात धुतलेल्या कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात डबा आणि वरच्या खिशात मी, अशी आमची स्वारी निघे. पण निघे ती उशिरा. सकाळच्या गर्दीच्या गाड्यांत मला परवानगी नव्हती. काका लवकर उठून, आवरून स्टेशनावर येत आणि बाकावर बसून राहत. त्यांच्या डोळ्यांदेखत गाड्या जात, कधीकधी अर्ध्या रिकाम्याही. बाजूला बसणारे एक गृहस्थ एकदा म्हणाले, "अहो, चढा की. कोण बघतंय?"

"नाही म्हटलंय ना. मग नाही," काका म्हणाले.

त्यामुळे ते पोचत तेव्हा डॉक्टरांची फेरी आटोपलेली असे. डॉक्टर जे सांगत ते मुलगी ऐके आणि त्यातले अर्धे वडिलांना सांगे. उरलेले अर्धे ती कुठे ठेवी कोण जाणे. "आज बरं आहे म्हणाले," एवढेच काकांच्या वाट्याला येई आणि ते त्यावर खूश असत.

काकूंनी मला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मला हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने माझी कड चाचपली. चाळीस-पन्नास वर्षे त्याच टेबलाशी बसलेली बाई, तिला सांगावे लागले नाही.

"ह्यालाही चढवलंत का?"

"चढवायला नको?"

"एक दिवस मलाही कव्हर घालून कपाटात उभी कराल."

"तू कुठे एका जागी थांबतेस माप घ्यायला!"

शेजारच्या खाटेवरच्या बाई खुदकन हसल्या. "जोडी छान आहे हो," त्या नर्सला म्हणाल्या. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

मित्रांनो, त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. जाता-येता निरनिराळे तपासनीस मला बघत. आवरण सगळ्यांना दिसत होते. कुणी काही बोलले नाही. एक तर मला बोटांत फिरवून म्हणाला, "वा काका, काय सुबक काम आहे! माझ्या ओळखपत्राला असंच करून द्याल?" काकांनी त्याचे ओळखपत्र एक रात्र घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी चमकवून परत दिले. त्याने ते छातीवर लावले आणि पुढच्या डब्यात लोकांचे पास तपासायला गेला. नियम त्यालाही ठाऊक होताच. पण नियम हा असा प्राणी आहे की तो महिनाभर पायाशी लोळण घेतो आणि ज्या दिवशी तुम्हाला घाई असते नेमका त्या दिवशी चावतो.

तो दिवस आला. सकाळी मुलीचा फोन आला. माझ्या खिशाला लागूनच तो फोन होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, आज जमलं तर जरा लवकर या."

"का गं? काही झालं का?"

"नाही, तसं काही नाही. आई विचारत होती."

मागे कुणीतरी तिला घाईने हाक मारत होते. तिने फोन ठेवला. वडिलांनी एकट्याने प्रवास करायचा आहे, वाटेत घाबरून काही होऊ नये, म्हणून ती मऊ बोलली. काकांनी ते मऊच ऐकले. तरी त्यांनी डबा भरला नाही, दाढी अर्धीच केली आणि स्टेशन गाठले. तिथे पोचल्यावर मात्र ते नेहमीच्या बाकावर बसले आणि माझी वेळ सुरू होईपर्यंत बसून राहिले. तीन गाड्या गेल्या. खिडकीवर जाऊन साधे तिकीट काढले असते तर त्यांतली कोणतीही गाडी त्यांची होती. पण खिशात अमर्याद प्रवास असलेल्या माणसाला तिकीट काढायचे सुचत नाही.

माझी वेळ झाली आणि आम्ही चढलो. अर्धा रस्ता कापल्यावर डब्यात एक तपासनीस बाई आल्या. नव्याने बदलून आल्या असाव्यात, या मार्गावर आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी मला हातात घेतले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"आजोबा, हा चालणार नाही."

"का? मुदत आहे की अजून."

"मुदतीचं नाही म्हणत मी. प्लास्टिक चिकटवलंय ह्याला."

"चिकटवलंय नाही, चढवलंय. एक बुडबुडा दाखवा मला."

डब्यातली माणसे हसली. समोरचा एकजण म्हणाला, "दाखवा बाई, दाखवा बुडबुडा."

बाई हसल्या नाहीत. "बुडबुड्याचं काय घेऊन बसलात? खाली दुसऱ्याचं नाव खोडून तुमचं लिहिलं नाही, हे मी कशावरून मानू? असे पास रोज पकडतो आम्ही."

"सोडा हो, म्हातारा माणूस आहे," कुणीतरी म्हणाले.

"म्हातारे काय कमी असतात!" दुसऱ्याने मागून टोला हाणला.

काकांचा चेहरा मी खालून पाहत होतो. हसू होते ते जागच्या जागी वाळले. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज उतरवून सांगितले, "हे बघा, पुढच्या स्टेशनला उतरा. दंड नको, काही नको. साधं तिकीट काढा, मागून येणारी गाडी धरा. पास माझ्याकडे राहील. नंतर सवडीने अर्ज करा, चौकशी होईल."

"पास मी सोडणार नाही."

"अहो, पण..."

"तुम्ही मला खोटा म्हणालात. मी खोटा नाही."

पुढचे स्टेशन आले. दोघे उतरले, आणि दोघांच्या मधे मी. स्टेशन मास्तरांच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीशी एक बाक आणि कोपऱ्यात विजेची किटली होती. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि काकांनाच समजावले, "काका, तिकीट काढा आणि जा ना. रुग्णालयात जायचंय म्हणता. ह्या कागदासाठी कशाला डोकं लावता?"

काका किटलीकडे पाहत होते. "वाफ मिळेल का थोडी?"

"काय?"

"हे मी काढून दाखवतो. आतलं नाव जसंच्या तसं निघेल. मग तुम्हीच बघा, खोडलंय का ते."

मास्तरांनी तपासनीस बाईंकडे पाहिले. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. किटली लागली. काकांनी पिशवी बाकावर ठेवली, फोनही बाजूला ठेवला, बाह्या दुमडल्या. हाडाची पट्टी घरी होती. मास्तरांच्या टेबलावरची मोजपट्टी त्यांनी मागून घेतली.

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, कारण ते फार सुंदर होते. काकांनी मला वाफेपासून बरोबर तेवढ्या अंतरावर धरले, की कागद भिजू नये आणि चिकटाई मात्र सैल व्हावी. एका कोपऱ्यावर नख लावून त्यांनी प्लास्टिकचा केसभर भाग उचलला. मग थांबले. पुन्हा वाफ. पुन्हा केसभर. त्यांचा श्वास सावकाश झाला, अगदी त्या संध्याकाळसारखा. बाहेर एक गाडी आली आणि गेली. तपासनीस बाईंची ती गाडी होती. "माझ्यावर चिडू नका," एवढे म्हणून त्या निघून गेल्या. काकांनी मान वर केली नाही.

प्लास्टिक माझ्या नावापर्यंत आले तेव्हा बाकावरचा फोन वाजला.

"काका, फोन," मास्तर म्हणाले.

"वाजू दे. आत्ता हात सोडला तर नाव फाटेल."

फोन वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. बाहेर आणखी एक गाडी त्याच दिशेने गेली. माझे नाव अक्षराअक्षराने मोकळे होत होते आणि एकही अक्षर तुटत नव्हते. शेवटचा कोपरा सुटला. काकांनी मला टेबलावर ठेवले, रुमालाने टिपले आणि मास्तरांपुढे सरकवले.

मास्तरांनी मला उजेडाला धरले. खाडाखोड नव्हती. कागद जसा जन्मला तसा होता. "हात आहे हो तुमचा!" ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर सही करून शिक्का मारला. तपासून वैध.

काका छाती पुढे काढून त्या खोलीतून बाहेर पडले. मलाही अभिमान वाटला. माझ्या सबंध आयुष्यात मला सगळ्यात जास्त टोचते ते हेच.

फोन त्यांनी पिशवीत टाकला होता. गाडीत बसल्यावर तो काढून पाहावा असे त्यांना वाटले नाही. मनात ते सगळा प्रसंग जुळवत होते, काकूंना कसा रंगवून सांगायचा ते. मधूनच त्यांचे ओठ हलत. तपासनीस बाईंचे बोलणे ते बाईंच्याच सुरात म्हणून पाहत होते.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुलगी बसली होती. मांडीवर आईची घडी केलेली शाल होती. काकांनी लांबूनच मला खिशातून काढले आणि हात उंचावला.

"अगं, आज काय गंमत झाली माहीत आहे का? आईला सांगू दे आधी..."

"बाबा," ती म्हणाली. "आई गेली."

काकांचा हात वरच राहिला. त्या हातात मी होतो.

"कधी?"

"मघाशी. फोन केला होता मी. दोनदा."

"हात गुंतले होते गं," काका म्हणाले. मग तिथेच उभ्याने, कुणी विचारले नसताना, त्यांनी तिला सगळे सांगितले. बाई काय म्हणाल्या, मास्तर काय म्हणाले, किटली कशी मिळाली, प्लास्टिक कसे सुटले. सांगताना मधेच त्यांचे त्यांनाच ऐकू यायला लागले असावे, कारण आवाज बारीक होत होत थांबला. मुलीने सगळे ऐकून घेतले. ती ओरडली नाही.

"तिकीट काढायचं होतं, बाबा," ती म्हणाली.

त्यानंतर या विषयावर ती एकदाच बोलली. घरी सगळे पाहुणे गेल्यावर काकांनी तिला विचारले, आई काही म्हणाली का. मुलीला खोटे बोलता आले असते. गेला महिनाभर ती वडिलांना अर्धेच सांगत आली होती. या वेळी तिने पूर्ण सांगितले. "दाराकडे बघत होती. मग म्हणाली, गाडीला उशीर झाला असेल. ते नाही उशीर करायचे."

गाडीला उशीर झालेला नव्हता. त्या दिवशी सगळ्या गाड्या वेळेवर धावल्या.

काही दिवसांनी रुग्णालयातले राहिलेले कागद आणायला दोघांना पुन्हा जावे लागले. माझी मुदत संपायला अजून अवकाश होता. सकाळची गर्दीची वेळ होती. मुलगी सरळ तिकीट खिडकीशी गेली आणि दोन तिकिटे घेऊन आली.

"माझा पास आहे अजून," काका म्हणाले. "थोडं थांबलं की..."

"असू दे," मुलगी म्हणाली. "ही गाडी धरू."

दोघे समोरासमोर बसले. वाटेत ते स्टेशन आले, ती खोली, ते दार. काका त्या बाजूला बघत नव्हते. मुलगी बघत होती. तपासनीस आला तेव्हा काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मुलीने दोन्ही तिकिटे पुढे केली. काकांचा हात खिशावर तसाच राहिला, आणि त्या हाताखाली मी, स्वच्छ, अखंड, सही-शिक्क्यासह वैध. ती दोघे एकमेकांशी डब्याचे बोलतात, विजेच्या बिलाचे बोलतात, दुकानात आलेल्या कामाचे बोलतात. माझे बोलत नाहीत. मुदत संपेपर्यंत मी खिशात होतो. आता टेबलाच्या खणात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिगत सांगून झाली की हात जोडतात आणि म्हणतात, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले गेले. आधी झाकून जपले, मग उघडून जपले. तुमच्या हाती कधी माझ्यासारखा कागद आला तर त्याच्या अटी जरूर वाचा, पाळता येतील तेवढ्या पाळा. पण कुणी तुमची वाट बघत असेल आणि कुणी तुमच्यावर संशय घेतला, तर तो कागद त्यांच्या टेबलावर टाका. मळू द्या, फाटू द्या, रद्द होऊ द्या. दुसरे तिकीट काढा आणि निघा. आपण खरे होतो हे मागाहून कधीही दाखवता येते. ते तुमच्यासाठी थांबून राहते, कुठे जात नाही. माणूस जातो.